एकहाती दुकानाचा ताळेबंद

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुण्याच्या लक्ष्मी रोडवरची किंवा मुंबईच्या काळबादेवीतली जुनी दुकानं बघावीत. गिऱ्हाईक आवरतं घेतलेलं असतं. गादीवर धुतलेली चादर, पाटावर लाल कापडी पुठ्ठ्याची कोरी वही. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, दोन्ही अंगांना ‘शुभ’ आणि ‘लाभ’, खाली ओळीगणिक एकेकाने वाढत जाणारे ‘श्री’. पूजा झाली की वही मिटते आणि पहिली नोंद पाडव्याच्या मुहूर्तावर पडते. मुंबई शेअर बाजारातही १९५७ पासून दिवाळीत तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होत आले आहेत.

त्याच शहरांत आणखी एक मोठा वर्ग त्याच संध्याकाळी घरात दिवे लावत असतो. पुस्तकांची मुखपृष्ठं करणारे चित्रकार, लग्नाचे फोटो काढणारे, सुलेखनकार, अनुवादक, जाहिरातींना आवाज देणारे, मालिकांचे संवाद लिहिणारे, मातीची भांडी घडवून प्रदर्शनांत विकणारे. यांना मालक नाही आणि नोकरही नाहीत. दुकान आहे, पण त्याला शटर नाही. यांची ‘वही’ व्हॉट्सॲपच्या संभाषणांत, यूपीआयच्या संदेशांत आणि मेलच्या जुन्या धाग्यांत विखुरलेली असते. दर तोंडी ठरलेले, दुरुस्त्या फोनवर सांगितलेल्या, पैसे ‘दिवाळीनंतर बघू’ या बोलीवर. वर्ष कसं गेलं, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच येतं: काम भरपूर होतं. काम भरपूर असूनही हाती काय उरलं, हे मात्र सांगता येत नाही.

वर्ष कुठे संपतं?

व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीला संपत असे, ही नुसती प्रथा नव्हती. एप्रिल ते मार्च हे हिशेबाचं वर्ष आयकरासाठी सर्वांना सक्तीचं झालं ते १९८९-९० या आकारणी वर्षापासून. त्याआधी दिवाळी ते दिवाळी असं वर्ष धरून विवरणपत्र भरता येत असे. सक्ती आली आणि ताळेबंद मार्चकडे सरकला. वहीपूजन मात्र दिवाळीतच राहिलं.

कलेच्या व्यवसायात तर दिवाळी हाच खरा सांधा आहे. चित्रकारांचं दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यात सुरू होतं आणि नवरात्राच्या आगेमागे अंक छपाईला गेला की संपतं. मूर्तिकारांचा हंगाम अनंत चतुर्दशीला उतरतो. लग्नाचे फोटोग्राफर तुळशीच्या लग्नापर्यंत मोकळे असतात आणि त्यानंतर त्यांना श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. भाऊबीज ते तुळशीचं लग्न हा जेमतेम दहा-बारा दिवसांचा पट्टा म्हणजे यांच्या वर्षातली खरीखुरी फट. मार्चमध्ये सीएचा फोन येतो तेव्हा कागद जमवायची धावपळ असते, विचार करायला वेळ नसतो. विचार करायचा तर तो आत्ता.

विचार करायचा कशाचा? एकट्याच्या व्यवसायात मालक, कामगार, वसुली कारकून आणि गोदाम सांभाळणारा ही सगळी माणसं एकाच देहात राहतात. वर्षभर त्यांतला कामगारच बोलत असतो, कारण डेडलाइन त्याच्या डोक्यावर असते. मालकाला वर्षातून एकदा तरी वेगळं बसवावं लागतं आणि त्याच्यापुढे चार कागद ठेवावे लागतात: वेळ कुठे गेला, पैसा कुठून आला, कुणाकडे अडकला, आणि केलेल्या कामावर हक्क कुणाचा राहिला.

चित्रकार मालक होतो तेव्हा

हे कागद न जुळण्याची किंमत किती मोठी असते याचं उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतच आहे. राजा रवी वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछपाईचा छापखाना काढला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांच्या छापील तसबिरी देशभरातल्या भिंतींवर गेल्या. एवढी मागणी त्याआधी कुठल्याही भारतीय चित्रकाराच्या वाट्याला आली नव्हती. तरीही छापखाना कर्जात रुतत गेला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फ्रिट्झ श्लायशर या त्यातल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. छपाईच्या हक्कांसह. त्यानंतरही त्या तसबिरी वर्षानुवर्षं छापल्या गेल्या आणि खपल्या, फक्त त्यांची मिळकत चित्रकाराच्या घरी जात नव्हती. चित्राला मागणी असणं आणि चित्राचा धंदा चालणं यांत केवढं अंतर असू शकतं, हे मळवलीच्या या छापखान्याने दाखवून दिलं.

दुसरं उदाहरण दिवाळी अंकांच्या घरातलंच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक नवा हंगाम जन्माला आला. या हंगामाने चित्रकारांना मुखपृष्ठं, कथाचित्रं, व्यंगचित्रं असं काम दिलं, पण ते दुसऱ्याच्या अंकातलं, ठरलेल्या मानधनाचं. मडगावला १९१६ मध्ये जन्मलेले दीनानाथ दलाल मुंबईत आले, प्रकाशकांची असंख्य मुखपृष्ठं त्यांनी केली आणि १९४५ साली त्यांनी स्वतःचा ‘दीपावली’ काढला. गोव्याचेच चित्रकार रघुवीर मुळगावकर ‘रत्नप्रभा’ या नियतकालिकाकडे वळले. त्यांच्या देवादिकांच्या चित्रांची कॅलेंडरं घरोघरी होती.

दलालांनी काय बदललं ते नीट पाहण्यासारखं आहे. त्यांचा कुंचला तोच होता, वाचकही तेच होते. बदलली ती मिळकतीची रचना. आधी एका चित्राचं एकदाच मानधन मिळायचं. आता त्याच चित्रामुळे अंक विकला जात होता, जाहिरात येत होती आणि पुढच्या वर्षीचा वाचक बांधला जात होता. त्याबरोबर कागदाचं बिल, छपाईची उधारी आणि जाहिरातदारांकडची वसुली हेही अंगावर आलं. मालकीची किंमत असते आणि दलालांनी ती मोजली. प्रत्येक चित्रकाराने नियतकालिक काढावं असा याचा अर्थ नाही. आपल्या चित्रातून नेमके कुणाला, किती वेळा, कशाचे पैसे मिळतात, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने दिवाळीला स्वतःला विचारावा.

नऊ लाखांच्या आत काय दडलं आहे

आकड्यांनी बोलू. पुढचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. ज्याने त्याने त्या जागी स्वतःचे घालावेत.

समजा, पुण्यात घरून काम करणारी एक चित्रकर्ती आहे. वर्षात तिने नऊ लाखांची बिलं केली. पुस्तकांची ४० मुखपृष्ठं, प्रत्येकी ६,००० रुपये, म्हणजे २,४०,०००. सात दिवाळी अंकांची आतली चित्रं मिळून ९०,०००. दोन कंपन्यांची कामं ४,२०,०००, त्यांतल्या एकाच कंपनीचे ३,१५,०००. शाळा-कॉलेजांतल्या चित्रकार्यशाळांचे १,५०,०००. सॉफ्टवेअरचं भाडं, कॉम्प्युटरची झीज, इंटरनेट, प्रवास, प्रिंट आणि कामाच्या खोलीचा भाड्यातला वाटा मिळून खर्च २,१०,०००. हाती उरले ६,९०,०००.

इथवर बहुतेक जण पोचतात आणि थांबतात. पुढचा स्तंभ तासांचा असतो. वर्षाचे ४८ आठवडे, आठवड्याला ४५ तास, म्हणजे २,१६० तास. तास कुणी लिहून ठेवलेले नसतात, पण ते परत जुळवता येतात. फाइलवरच्या तारखा, मेलच्या वेळा, फोनमधलं कॅलेंडर हे सगळे साक्षीदारच आहेत. एक दिवस खर्ची घातला तर अंदाजे का होईना, चित्र उभं राहतं. ते असं: मुखपृष्ठांना ६४० तास, दिवाळी अंकांना २१६, कंपन्यांच्या कामाला ३००, कार्यशाळांना तयारीसह १४०. बेरीज १,२९६. उरलेले ८६४ तास मेल, दरपत्रकं, वसुलीचे फोन, नवं सॉफ्टवेअर शिकणं आणि समाजमाध्यमांवर काम दाखवणं यांत गेले. आठवड्यांत मांडायचं तर जवळजवळ एकोणीस आठवडे, ज्यांचं बिल कुणाला लावता येत नाही.

आता भागाकार. कंपनीच्या कामाला तासाला १,४०० रुपये पडले. कार्यशाळेला १,०७० च्या आसपास. दिवाळी अंकांना ४१७. मुखपृष्ठांना ३७५. बिलाच्या तासांपैकी निम्मे तास मुखपृष्ठांनी खाल्ले आणि मिळकतीतला वाटा मात्र जेमतेम चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक दिला.

एका मुखपृष्ठाला सोळा तास का लागतात, हेही उलगडून पाहावं. हस्तलिखित वाचायला तीन तास. न वाचताही काम करणारे आहेत, पण चांगलं मुखपृष्ठ करणारी माणसं वाचतात. कच्ची रेखाटनं, म्हणजे प्रकाशकाच्या भाषेत ‘ऑप्शन’, चार तास. अंतिम चित्र पाच तास. लेखक, संपादक आणि विक्री बघणारा या तिघांच्या तीन मतांनुसार दुरुस्त्या दोन तास. शीर्षकाची अक्षरं, मलपृष्ठ आणि कणा यांची जुळणी दीड तास. फोन-मेल अर्धा तास. यांतला कणा हा फसवा भाग. पुस्तकाची पानं आणि कागदाची जाडी यांवर त्याची रुंदी ठरते. छपाईच्या तोंडावर कागद बदलला की कणा दोन-तीन मिलिमीटरने हलतो, शीर्षक मध्यावरून सरकतं आणि संपूर्ण फाइल पुन्हा जुळवावी लागते. हे काम बिलात कधीच दिसत नाही, कारण ‘छोटंसं करेक्शन’ म्हणून ते रात्री दहा वाजता फोनवर आलेलं असतं.

या आकडेमोडीवरून मुखपृष्ठं बंद करा, असा निष्कर्ष काढणारा माणूस मराठी पुस्तकांच्या जगात राहिलेला नसावा. मुखपृष्ठांमुळेच नाव होतं, त्या नावावरच कंपन्यांची कामं येतात. शिवाय पुस्तकावरच्या प्रेमापोटीच तर ती या व्यवसायात आली. प्रश्न अटींचा आहे. ४० ऐवजी ३० मुखपृष्ठं प्रत्येकी ८,००० रुपयांनी केली तरी २,४०,००० च होतात आणि १६० तास हाती उरतात, म्हणजे साडेतीन आठवडे. त्या आठवड्यांत स्वतःचं एखादं चित्रपुस्तक सुरू होऊ शकतं.

दुसरी गोष्ट मालक आणि कामगार वेगळे करण्याची. हाती उरलेल्या ६,९०,००० मधून चित्रकर्तीने स्वतःला दरमहा ४५,००० पगार लावला तर वर्षाचे ५,४०,००० झाले. उरलेले १,५०,००० व्यवसायाचे. त्यांतून पुढचा कॉम्प्युटर, आजारपणाचा निधी आणि कामाविना जाणारे दोन महिने भागवायचे. पगार एका खात्यात, व्यवसाय दुसऱ्या खात्यात, एवढी एक साधी शिस्त लावली तरी ‘पैसे येतात कुठे आणि जातात कुठे’ या कोड्याचा अर्धा भाग सुटतो. तिसरी गोष्ट धोक्याची. एकच कंपनी ३५ टक्के मिळकत देते आहे. त्या कंपनीतला ओळखीचा अधिकारी बदलला की वर्षाचा तिसरा हिस्सा डळमळतो.

उधारी आणि पंचेचाळीस दिवस

वसुलीचा विषय निघाला की कलाकार संकोचतो. ‘पैशांचं कसं बोलायचं’ हा संस्कार खोलवर रुजलेला असतो आणि समोरच्यालाही तो ठाऊक असतो. दिवाळी अंकांच्या बाबतीत तर साखळीच असते: जाहिरातदाराकडून संपादकाला पैसे मिळायचे, मग संपादकाकडून चित्रकाराला. साखळीच्या शेवटच्या कडीला सगळ्यात जास्त थांबावं लागतं.

कायदा या बाबतीत बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळच पुढे गेलेला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा फक्त कारखान्यांसाठी नाही. सेवा देणारी एकटी व्यक्तीही त्यात सूक्ष्म उद्योग म्हणून बसते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि विनामूल्य आहे, आधार आणि पॅन एवढ्यावर होते. या कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ, व्याज लागू होतं. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आणि राज्यातल्या सुविधा परिषदा आहेत.

याहून धारदार तरतूद आयकरात आली. २०२३-२४ या वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ते ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले जातील त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येतात. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे हिशेब विभाग मार्चच्या आधी पुरवठादारांकडे उद्यम क्रमांक मागू लागले. वर्षभर फोन न उचलणारा माणूस फेब्रुवारीत स्वतःहून मेल करतो, त्यामागचं कारण हे आहे. नोंदणी काम घेण्यापूर्वी झालेली असावी आणि क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा. छोट्या प्रकाशकावर कुणी हा कायदा उगारणार नाही, उगारूही नये. नातं टिकवायचं असतं. पण ४५ दिवस हा आकडा बोलण्यात आला की बोलणं विनंतीच्या सुरातून व्यवहाराच्या सुरात येतं, आणि तेवढा बदलही मोलाचा आहे.

दिवाळीच्या या फटीत करायचं काम सोपं आहे. एका कागदावर तीन रकाने: ४५ दिवसांच्या आतलं येणं, ४५ ते ९० दिवसांतलं आणि त्यापुढचं. तिसऱ्या रकान्यात पुन्हा पुन्हा दिसणारी नावं पुढच्या वर्षी आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय यादीत घ्यायची नाहीत.

चित्र दिलं, हक्क कुणाचा राहिला?

वर्षअखेरीला सगळ्यात कमी मोजली जाणारी आणि सगळ्यात जास्त काळ टिकणारी मालमत्ता म्हणजे हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र, लेखन, संगीत यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ च्या अखेरीपर्यंत आहे. मुळगावकर १९७६ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांचा २०३६ पर्यंत. आज एखाद्या चित्रकर्तीने केलेलं मुखपृष्ठ तिच्या नातवंडांच्या काळातही कुणाची तरी मालमत्ता असणार आहे. कुणाची, हे आजच्या कागदावर ठरतं.

इथे कायद्यातला एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. मोबदला देऊन कुणी चित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र करवून घेतलं आणि काही वेगळं ठरलेलं नसेल, तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा धरला जातो. मुक्त लेखकाचं तसं नाही. नोकरीत नसलेल्या लेखकाचा हक्क, त्याने लिहून दिल्याशिवाय, त्याच्याकडेच राहतो. म्हणजे एकाच पुस्तकातला अनुवादक गप्प राहिला तर हक्क त्याचा, आणि चित्रकार गप्प राहिला तर हक्क बहुधा प्रकाशकाचा. म्हणूनच चित्रकार आणि छायाचित्रकारांना दोन ओळींचा लेखी करार इतरांपेक्षा अधिक लागतो.

हक्क लिहून दिला तरी सगळं संपत नाही. हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पाच वर्षांपूर्वी दिलेल्या चित्रांचे करार आज काढून बघितले तर काही हक्क परत हाती आलेले आढळतील. हे काम दिवाळीच्या सुटीत दोन तासांत होतं.

हाती असलेला हक्क काय करू शकतो ते गोव्यात दिसतं. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा २०११ मध्ये गेले. त्यांची रेखाचित्रं आजही पणजीपासून कळंगुटपर्यंत टाइल्सवर, कपांवर, छापील चित्रांवर विकली जातात. वर्तमानपत्रांसाठी, पुस्तकांसाठी आणि भिंतींसाठी काढलेली ती रेषा पर्यटकांच्या बॅगांतून जगभर जाते. अशा विक्रीमागे चित्रांचा नीट लावलेला संग्रह आणि हक्कांची स्पष्टता असावी लागते. ‘फायनल_फायनल_३’ अशा नावाच्या फाइलींच्या ढिगातून ती उभी राहत नाही. वर्षातून एकदा चित्रं तारखेनुसार लावणं, मूळ कागद आम्लविरहित पाकिटांत ठेवणं, फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी जपणं ही घरगुती कामं वाटतात, पण गोदाम सांभाळणाऱ्याचं काम ते हेच.

पाडवा ते मार्च

कराची बाजू थोडक्यात. कंपनीने व्यावसायिक शुल्क दिलं की दहा टक्के कर आधीच कापला जातो. २०२५-२६ पासून वर्षाला ५०,००० रुपयांपुढच्या शुल्काला हा नियम लागतो. आपल्या चित्रकर्तीच्या ४,२०,००० मधून ४२,००० असे कापले गेले. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, तेव्हा हे सगळे पैसे परत मिळण्याजोगे आहेत, पण विवरणपत्र भरलं तरच. कापलेला कर खात्यावर जमा दिसतो का, हे दिवाळीतच तपासलं तर त्रुटी दुरुस्त करायला मार्चपर्यंत वेळ मिळतो. ज्यांचा कर कपातीनंतरही दहा हजार किंवा त्याहून अधिक निघतो, त्यांच्यासाठी आगाऊ कराचा हप्ता १५ डिसेंबरला आहे.

निम्मं उत्पन्न नफा धरून सोप्या पद्धतीने कर भरण्याची सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे. त्यात वास्तुरचनाकार, अंतर्गत सजावटकार आणि चित्रपटाशी संबंधित कॅमेरामन, संकलक, गीतकार, कथा-पटकथा-संवादलेखक, वेशभूषाकार येतात. पुस्तकांचा चित्रकार किंवा कादंबरीकार त्या यादीत नावानिशी नाही. म्हणून ‘मित्राने भरलं तसंच भरू’ हे धोक्याचं. सीएला स्वतःचं काम नीट समजावून सांगावं. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाख आहे. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला वर्षाला २,५०० रुपये व्यवसायकरही असतो आणि तो विसरलेले लोक दंडाची नोटीस आल्यावर जागे होतात.

आकड्यांत न मावणारं

काही नोंदींना रुपयांचा रकाना नसतो. २०२२ पासून चित्रं बनवणारी एआय साधनं सर्रास हाती आली आणि ‘आम्ही एआयवर करून घेतो’ हे वाक्य क्लायंटकडून ऐकू येऊ लागलं. या वर्षी कुठलं काम थांबलं, कुणी थांबवलं आणि कुठलं काम कुणी आवर्जून हाताने करवून घेतलं, ही यादी घाबरून न जाता लिहावी. शुभेच्छापत्रं गेली असतील. पुस्तक वाचून काढलेलं मुखपृष्ठ कदाचित राहिलं असेल. पुढच्या वर्षीचे तास कुठे घालायचे ते या यादीवरून ठरेल.

शरीराचाही रकाना हवा. मनगट, मान, डोळे ही या व्यवसायाची यंत्रं आहेत आणि त्यांच्यावर वॉरंटी नाही. नोकरदाराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी आपोआप कापला जातो. इथे तो कुणी कापत नाही. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापर्यंत टाकता येतात, आरोग्य विमा स्वतःच घ्यावा लागतो. महाराष्ट्र सरकार वृद्ध कलावंतांना आणि साहित्यिकांना दरमहा ५,००० रुपये मानधन देतं. ज्यांच्या आवाजावर, पावलांवर, रेषांवर महाराष्ट्र वाढला, त्यांतल्या अनेकांना उतारवयात त्यासाठी अर्ज घेऊन उभं राहावं लागतं, ही गोष्ट काळजाला लागते. चाळिशीतल्या कलाकाराने ही रक्कम डोळ्यांपुढे ठेवून आपला दरमहाचा हप्ता आजच ठरवावा.

भाऊबीजेनंतरचा मेल

एवढं सगळं मांडून झाल्यावर आपल्या चित्रकर्तीने काय करावं? भाऊबीज झाली की प्रकाशकांना एक मेल पाठवावा. मसुदा असा होऊ शकेल:

“नमस्कार. दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. या पाडव्यापासून माझ्या कामाच्या अटी अशा राहतील. एका मुखपृष्ठाचं मानधन ८,००० रुपये. त्यात तीन रेखाटनं आणि दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्या. छपाईआधी कागद बदलल्यामुळे फाइल पुन्हा करावी लागली तर ती वेगळी. निम्मी रक्कम काम सुरू करताना, उरलेली अंतिम फाइल दिल्यापासून ३० दिवसांत. चित्राचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. या पुस्तकाच्या मराठी छापील आणि ई-आवृत्तीसाठी पाच वर्षं वापरण्याचा हक्क आपल्याकडे असेल. ऑडिओबुक, अनुवाद किंवा इतर वस्तूंवरच्या वापरासाठी त्या वेळी बोलू. उद्यम क्रमांक बिलावर दिला आहे.”

या मेलवर घासाघीस होणार आणि ती व्हावीच, कारण प्रकाशकाचाही हिशेब आहे. हजार प्रतींच्या आवृत्तीत ६,००० चं मुखपृष्ठ प्रतीमागे सहा रुपये पडतं, ८,००० चं आठ. अडीचशे रुपयांच्या पुस्तकात दोन रुपयांचा हा फरक समोरासमोर बसून सोडवता येण्यासारखा आहे. आवृत्ती पाचशेची असेल तर प्रतीमागचा भार बारावरून सोळावर जातो आणि छोट्या प्रकाशकाला तो खरोखर जड होतो. अशा पुस्तकासाठी चित्रकर्तीने रक्कम सहा हजारांवर ठेवावी, पण तीन रेखाटनांऐवजी एकच द्यावं आणि हक्क पहिल्या आवृत्तीपुरताच द्यावा. दुसरी आवृत्ती निघाली तर तिचं मानधन वेगळं. एक रेखाटन म्हणजे चार तासांऐवजी दीड तास. सोळाचे साडेतेरा तास होतात आणि तासाचा दर ३७५ वरून ४४४ वर येतो. पुढच्या दिवाळीला हाच रकाना पुन्हा काढला, तर ३० मुखपृष्ठांपैकी किती नव्या अटींवर झाली, किती जुन्याच दरावर गेली आणि कोणत्या प्रकाशकाने दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी आपणहून फोन केला, हे नावानिशी समोर येईल.